मंडळ बुडालं, खाण भरली

वासबाई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण मंडळाच्या हद्दीत कुणाला तिचं खरं नाव विचारलं असतं, तर माणूस डोकं खाजवत बसला असता. ती ग्रामीण मंडळाची स्वच्छता निरीक्षक. गावाच्या तोंडाशी तिची स्कूटर दिसली की गोठेवाले झाडू शोधायला लागत, खाटीक फडकं ओलं करी आणि चहावाला कप बुचकळायची बादली गुपचूप मोरीत रिकामी करी. "वासबाई आली!" ही हाक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत अर्धं गाव स्वच्छ झालेलं असे. उरलेल्या अर्ध्यासाठी ती होती.

नाक मात्र तिला खरंच जबरदस्त मिळालं होतं. दुधाच्या कॅनचं झाकण उघडायच्या आधी तिला आतली हकीकत कळे. लग्न तिने केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणे, "दिवसभर लोकांच्या मोऱ्या बघते. संध्याकाळी आपली एकच मोरी असलेली बरी."

आई लहानपणीच गेली होती, तापाने. घरामागच्या विहिरीला शेजारच्या गोठ्याचं पाणी झिरपत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे तेच पाणी पीत होते. आई गेल्यावर मंडळाची माणसं आली, गोठा हलवला, विहीर उपसली, तिला बांधीव कठडा केला आणि वर लोखंडी झाकण बसवलं. उशीर केला, पण केलं. वडील मंडळाचा रोडरोलर चालवायचे. ते झाकण बसताना बघून ते एवढंच म्हणाले होते, "हे आधी सुचलं असतं तर काय झालं असतं?" मुलीने ते ऐकलं आणि गिळलं. पुढे तिची सगळी नोकरी म्हणजे आधी सुचायची खटपट होती.

तसा मंडळाचा जन्मच मुळी घाणीतून झालेला. फार पूर्वी शहराला स्वतःची नगरपालिका मिळाली, नळ आले, दिवे आले, भोवतालची गावं मात्र होती तशीच राहिली. मग तापाची मोठी साथ आली. गावांतलं दूध शहरात जायचं, दुधाबरोबर तापही गेला आणि चांगल्या चांगल्या घरांत शिरला. तेव्हा वरच्या लोकांना एकाएकी खेड्यांची कणव आली. शहराभोवतीची सगळी गावं एकत्र बांधून त्यांचं ग्रामीण मंडळ केलं. त्याचा नकाशा दिसायचा बांगडीसारखा. कडेने मंडळ आणि मधल्या भोकात शहर. गंमत म्हणजे मंडळाची कचेरी त्या भोकात होती. गावागावांना जोडणारा एक धड रस्ता नव्हता, सगळे रस्ते शहरात जाणारे. मग सदस्यांनी भेटायचं कुठे? शहरातच, एका दोरखंडाच्या दुकानावरच्या माडीवर. ज्या शहरावर काडीची सत्ता नाही, त्याच शहरात बसून मंडळाने आपला कारभार हाकला. पुढे स्वतःची विटांची इमारत बांधली, तीही तिथेच.

कारभार फार थोर होता असं वासबाईनेही कधी म्हटलं नाही. सभेत एक सदस्य हमखास घोरायचा आणि त्याला हाताला धरून मतदानापुरता उठवायचे. एका पुलासाठी इतकी वर्षं भांडण चाललं की तोवर ओढ्यानेच वाट बदलली. पण विहिरींना झाकणं बसली, गटारं निघाली, शाळांमागे संडास आले. आणि एका गोष्टीत मंडळाने कधी माघार घेतली नाही. ती गोष्ट म्हणजे खाण.

वासबाईच्या गावाच्या वरच्या अंगाला दगडाची जुनी खाण होती. दगड संपला आणि भलामोठा खड्डा राहिला. शहराचा त्या खड्ड्यावर डोळा होता. कचरा टाकायला इतकी आयती जागा कुठे मिळणार? नगरपालिका दर काही वर्षांनी मागणी करायची आणि मंडळ दर वेळी ती फेटाळायचं, कारण खाणीतलं पाणी कुठे जातं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. ते खाली गावातल्या विहिरींत जायचं.

शेवटच्या वेळी ती मागणी फेटाळली तेव्हा टेबलावर मूठ आपटणारा माणूस होता वासबाईचा दादा.

दादा तिच्याहून बराच मोठा. वडिलांच्या मागे त्यानेच तिला वाढवलं. वीटभट्टीवर राबून तिला निरीक्षकाचं शिक्षण दिलं, मग गावात बिजागऱ्या-खिळ्यांचं दुकान टाकलं, आणि तोंडाचा फटकळ पण मनाचा चांगला म्हणून गावाने त्याला मंडळावर निवडून दिलं. त्या सभेत तो म्हणाला होता, "त्यांनी खायचं आणि आम्ही निस्तरायचं? आमच्या गावात त्यांची घाण आली तर माझ्या मढ्यावरून येईल!" वासबाई मागच्या बाकावर बसली होती. तिचा ऊर भरून आला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वरून हुकूम सुटला. ग्रामीण मंडळ आणि नगरपालिका मिळून एकच नवी पालिका करायची. मंडळाने आधी तडफड केली, निषेध केला, गावोगाव सभा घेतल्या. सगळ्यांत मोठ्या आवाजात ओरडत होते मंडळाचे अध्यक्ष. त्यांना पाठीमागे लोणीसाहेब म्हणत, कारण ते कुठेही ठेवले तरी वितळून त्या भांड्याचा आकार घेत. पुढे पुढे निषेधाची भाषा मऊ होत गेली. "विरोध नाही, पण अटी" असं सुरू झालं. मग अटींचं "अपेक्षा" झालं. वासबाईला त्या शब्दांत नासक्या दुधाचा वास यायला लागला होता. पण दादा आहे, असं ती मनाशी म्हणे.

शेवटच्या सभेत ठराव एकच होता, विलीनीकरणाला मंडळाची संमती. अध्यक्षांनी "बाजूने कोण?" असं विचारलं. पहिला हात लोणीसाहेबांचा स्वतःचा. मग एकेक वर आला. घोरणाऱ्यालाही वेळेवर जाग आली. आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून, आधी कोपर आणि मग बोटं असा चोरट्यासारखा, दादाचा हात वर गेला. तो बहिणीकडे बघत नव्हता. समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता.

संमती झाली आणि लगेच जेवण होतं. ते जेवण वासबाई जन्मात विसरली नाही. तोंडं ओशट झालेली, बोटं चाटणं चाललेलं. एकाने सभागृहातलं घड्याळ काखेत मारलं, "आठवण म्हणून". दुसरा पडदे ओढून काढत होता. सचिव, ज्याने आयुष्यभर टाचणी हरवली तरी लेखी खुलासा मागितला, तो एका हाताने घास खात दुसऱ्या हाताने दाराच्या पितळी मुठीचे स्क्रू फिरवत होता. लोणीसाहेबांनी खुर्चीवर उभं राहून टाळ्या मिळवल्या. "मंडळ मरत नाही," ते म्हणाले, "ते मोठं होतंय!" मेलेल्या जनावरावर बसलेल्या माश्या वासबाईने पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या निदान भाषण करत नसत. ती ताट तसंच ठेवून उठली आणि बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले. हात धुण्याजोगं काही तिने खाल्लंच नव्हतं, तरी धुतले.

दुसऱ्या दिवशी ती दादाच्या घरी गेली. वहिनीने चहा ठेवला.

"का दिलंस मत?" वासबाईने उभ्याउभ्याच विचारलं.

"बस तरी आधी."

"का दिलंस?"

"हे बघ ताई," दादा तिला लाडाने ताईच म्हणायचा, "गाडी निघालीच होती. रुळावर आडवं पडून काय मिळतं? त्यापेक्षा आत चढावं. आत असलो तर ब्रेक तरी ओढता येईल."

"काय कबूल केलंय त्यांनी तुला?"

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी चहा गाळता गाळता म्हणाली, "स्वच्छता समितीचं अध्यक्षपद. शिंप्याला कोटाचं माप देऊन झालंय."

वहिनी ही अशी. कमी बोलायची, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं.

"खाण मी जिवंत असेतो भरू देणार नाही," दादा म्हणाला. "वडिलांची शपथ." वासबाईने चहा घेतला. तिला विश्वास ठेवायचा होता, म्हणून तिने ठेवला.

नवी पालिका झाली, नवे फलक लागले. आणि नव्या स्वच्छता समितीचा पहिलाच विषय आला तो खाणीचा. खाण कचऱ्यासाठी योग्य असल्याच्या दाखल्यावर त्या भागाच्या निरीक्षकाची सही हवी होती. दादाने तिला आपल्या नव्या दालनात बोलावलं. खोलीत नव्या रंगाचा आणि सेंटचा वास कोंदला होता. दादा आणि सेंट!

"तात्पुरतं आहे," तो म्हणाला. "दुसरी जागा मिळेपर्यंत. खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरणार आहेत."

"आणि आईच्या विहिरीत काय अंथरणार?"

"लोक आता नळाचं पाणी पितात."

"आपल्या वरच्या आळीला नळ नाही. तुला माहीत आहे."

"येईल ना! त्याचीच तर योजना आहे. तू सही कर, मग योजना लवकर..."

"दादा, मढ्यावरून म्हणाला होतास."

तो चिडला. माणूस खोटा पडला की आवाज चढवतो, तसा. "सगळ्यांना तुझ्यासारखं नाकाने कांदे सोलणं परवडत नाही! आयुष्यभर मोऱ्या हुंगल्यास, काय बदललं? मी निदान टेबलाशी बसलोय."

तिने सही केली नाही. सही दुसऱ्याने केली, आणि तिला उठवून मोकाट कुत्र्यांच्या तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. त्या खिडकीत बसून तिने पाहिलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे. अभियंत्याला माहीत होतं, सही करणाऱ्याला माहीत होतं, चहा आणणाऱ्यालाही. कुणीही अडाणी नव्हतं. अडाणी असते तर तिला कीव आली असती. आता नुसती शिसारी येत होती.

मग गाड्या सुरू झाल्या. शहराची सडलेली भाजी, दवाखान्यांची फडकी, कोंबड्यांची पिसं आणि आतडी, फाटक्या गाद्या. आधी गावात कावळे आले, मग माश्या, मग उंदीर. जाड कागद पहिल्याच उन्हाळ्यात फाटला. दोरीवर वाळत घातलेला पांढरा पंचा लांबून काळा दिसायचा आणि हलवला की माश्या एकदम उडायच्या आणि तो पुन्हा पांढरा व्हायचा. वरच्या आळीच्या विहिरीवर तवंग धरला. झाकण होतं तिथेच होतं, पण घाण खालून येत होती. झाकण काय करणार?

वरच्या आळीला एक म्हातारी राहायची, शेळीवाली मावशी. तिच्या शेळ्या खाणीच्या कडेला चरायच्या. एक दिवस तिची गाभण शेळी फुगून मेली. मावशी वासबाईच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "कुत्र्यांची खिडकी आहे, ठाऊक आहे मला. पण माझी शेळी बघायला कोण येणार?"

वासबाईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मंडळाच्या वेळचा संडास उपसणारा टँकरवाला वाटेत भेटला. मंडळात असताना दोघांची जोडी प्रसिद्ध होती. ती हुंगायची, तो उपसायचा. तो सुरी घेऊन बरोबर आला. त्याने शेळीचं पोट फाडलं आणि आयुष्य मैल्यात घालवलेला तो माणूस तोंड फिरवून ओकला. आत गवत नव्हतंच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा पिळा, रबरी हातमोजे, गोळ्यांची पाकिटं, बाहुलीचा एक हात, आणि त्या सगळ्याच्या तळाशी न जन्मलेली दोन करडं. ऊन होतं. वास असा की डोळ्यांत शिरावा.

मावशी रडली नाही. म्हणाली, "तुझ्या भावाला दाखव."

त्यांनी शेळी पोत्यात घातली, टँकरच्या मागच्या फळीवर ठेवली आणि भर दुपारी दादाच्या दारात नेली. टँकरवाल्याने पोतं उघडून पायरीवर अंथरलं. दादा जेवत होता, हात खरकटा तसाच बाहेर आला.

"हे काय नाटक आहे?"

"तुझ्या समितीचं काम आहे," वासबाई म्हणाली. "बघ."

"एक शेळी मेली म्हणून..."

"वास येतोय का?"

"कसला वास?"

"दादा, तुला वास येतोय का? एवढंच सांग."

पायरीवर माश्या घोंगावत होत्या. त्यातल्या दोन त्याच्या खरकट्या बोटांवर बसल्या. त्याने त्या हाकलल्याही नाहीत. सरळ बहिणीच्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "मला नाही येत. तुझ्या नाकाचा दोष आहे. लहानपणापासूनच आहे."

मागे दारात वहिनी उभी होती. तिने पदराने नाक धरलेलं होतं. ती त्या शेळीकडे बघत नव्हती, नवऱ्याच्या बोटांवरच्या माश्यांकडे बघत होती. मग ती वळून आत गेली. सगळ्यांना वाटलं उलटी करायला गेली असेल. ती बाहेर आली ती हातात पिशवी घेऊन.

"निघाले," ती म्हणाली.

"कुठे?" दादा भांबावला.

"ताईकडे. गाड्या सुरू झाल्यापासून घराची एक खिडकी उघडली नाही मी. फटींना चिंध्या कोंबल्यात. चादरीखाली जेवतो आपण, ताट झाकून घास घेतो. आणि रोज रात्री तुम्ही मला सांगता, वास नाहीच आहे. मला वाटायला लागलं होतं, मलाच वेड लागतंय." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "घाणीची सवय करता येईल हो. तुमची नाही होत."

ती टँकरवाल्याच्या शेजारी चढून बसली. आयुष्यात पहिल्यांदा टँकरात बसली असेल, पण जणू बग्गीत बसावं तशी ताठ. दादा पायरीवर तसाच उभा, एक हात खरकटा, पुढ्यात शेळी.

वासबाई शहरात एका चष्मेवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायची. त्यांतली एक वहिनीला मिळाली. पहिले काही दिवस वहिनी नुसती खिडकीत बसून राही, खिडकी सताड उघडी टाकून. खालून डिझेलचा धूर यायचा, तरी म्हणायची, "काय मोकळी हवा आहे गं!" मग तिने चष्मेवाल्याकडे काचा पुसायचं काम धरलं. मावशीने उरलेल्या शेळ्या विकून टाकल्या.

खाण कशामुळे बंद झाली, हे ऐकलं तर किळस यावी. शेळीमुळे नाही, विहिरीमुळे नाही, वरच्या आळीतली मुलं जुलाबांनी आडवी झाली त्यामुळेही नाही. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर लोणीसाहेबांच्या जावयाने बंगल्यांची वसाहत बांधायला घेतली. बघायला आलेले लोक मोटारीतून उतरायचे, रुमाल नाकाला लावायचे आणि पुन्हा मोटारीत बसायचे. महिनाभरात पालिकेला साक्षात्कार झाला की खाण आरोग्याला घातक आहे. इतकी वर्षं गावाची नाकं ही नाकं नव्हती. मोटारीतून उतरलेलं नाक मात्र पालिकेला ताबडतोब कळलं. कचरा मंडळाच्याच जुन्या हद्दीतल्या दुसऱ्या टोकाला न्यायचं ठरलं. तिथल्या सदस्यानेही, म्हणे, ब्रेक ओढायचं वचन दिलं होतं.

खाणीवर माती टाकायचा समारंभ झाला. लोणीसाहेब बोलले, मग दादा बोलला. ग्रामीण मंडळाचा सगळा इतिहास त्याने सांगितला. तापाची साथ, विहिरींची झाकणं, वडिलांचा रोडरोलर. आईचंही नाव काढलं. "त्याच परंपरेला जागून आज आम्ही ही खाण बंद करत आहोत," असं म्हणाला आणि खरोखरच डोळे पुसायला लागला. वासबाईला सगळ्यांत जास्त ओंगळ वाटलं ते त्याचं ते खरं रडू. तो खोटं रडला असता तर तिला सहन झालं असतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी तो चष्मेवाल्याच्या जिन्याने वर आला. वाळला होता. सदऱ्याला स्वतः इस्त्री केलेली, कॉलर जळालेली. वहिनी आतून आली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली.

"चल आता," तो म्हणाला. "खाण बंद झाली. खिडक्या उघडल्यात मी."

"एकच विचारते," वहिनी म्हणाली. "वास येत होता की नव्हता?"

वासबाई मोरीपाशी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. तिला वाटलं, आता तरी हा एक शब्द खरा बोलेल. तिला वाटलं काय, तिने मनातल्या मनात त्याची विनवणी केली. वीटभट्टीवरून येऊन आपले पाय धुवायच्या आधी तिचा अभ्यास घेणारा हा तिचा भाऊ होता.

दादाने ओठांवरून जीभ फिरवली. जिन्याकडे बघितलं, चष्मेवाल्याच्या पाटीकडे बघितलं.

"थोडासा," तो म्हणाला. "वारा तिकडून असला तर."

वहिनीने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाने चष्म्याचा जुनाच नंबर सांगितल्यावर हलवावी तशी. "बरं," ती म्हणाली. "सांभाळून उतरा, जिन्याची तिसरी पायरी ढिली आहे." आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

दादा पुढेही येत राहिला, कधी पेरू घेऊन, कधी दुकानातली नवी कडी घेऊन. वासबाई त्याला चहा देते. त्याच्याजवळ बसते मात्र नाही. वहिनी काचा पुसायला खाली जाते आणि तो गेल्यावरच वर येते.